गाडीची दुसरी किल्ली

जुनी मोटार घ्यायला निघालेला मनुष्य काय काय तपासतो, हे बघण्यासारखे असते. प्रथम तो रंग पाहतो. मग बॉनेट उघडायला लावतो, आणि आपल्याला आतले फारसे कळत नाही हे समोरच्याला कळू नये अशा बेताने मान हलवतो. टायरला एक लाथ मारतो. का मारतो, हे त्यालाही सांगता यायचे नाही. वडील मारीत, म्हणून तोही मारतो. जरा जाणकार असला तर किलोमीटरचा आकडा, सर्व्हिसचे कागद, विम्याची मुदत पाहतो. झालेच तर बरोबर एखादा ओळखीचा मिस्त्री नेतो. मग सौदा ठरतो, गाडीला हार पडतो, पेढे होतात, आणि व्यापारी हसतमुखाने त्याच्या हातावर किल्ली ठेवतो. एक किल्ली.

नव्या गाडीबरोबर कारखान्याकडून साधारणपणे दोन किल्ल्या मिळतात. मग दुसरी गेली कुठे? हा प्रश्न त्या घाईगर्दीत विचारायचा राहून जातो. विषय तसा चिमुकला आहे खरा. परंतु त्यापायी माणसे महिनेच्या महिने हेलपाटे घालताना मी पाहिली आहेत.

पूर्वी याचे एवढे काही नव्हते. अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांची किल्ली म्हणजे नुसता दाते पाडलेला धातूचा तुकडा. हरवली, तर चौकात छत्रीखाली बसलेल्या किल्लीवाल्याकडे जावे. तो कानशीने चार दाते घासून देई आणि काम भागे. त्या काळच्या झिजलेल्या कुलपांना दुसऱ्याच गाडीची किल्ली लागल्याच्या गमती जुने लोक अजून सांगतात. घरच्या पत्र्याच्या ट्रंकेची आणि मोटारीची किल्ली यांत तेव्हा जातीचा फरक नव्हता.

आता तो पडला आहे. १९९०च्या सुमारास युरोपात मोटारचोऱ्यांनी कहर केला, आणि ऑक्टोबर १९९८ पासून तिथे नव्या मोटारींना इमोबिलायझर नावाची योजना सक्तीची झाली. हळूहळू ती आपल्याकडच्या गाड्यांतही आली. ती अशी चालते. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी एक चिप बसवलेली असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. किल्ली कुलपात घातली की कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला क्षणभर शक्ती मिळते, आणि ती आपली खूण सांगते. गाडीतला संगणक ती खूण आपल्या वहीत आहे की नाही ते पाहतो. असेल तर इंजिन चालू राहू देतो. नसेल, तर किल्ली फिरते, इंजिन घरघरते, आणि बहुधा एकदोन सेकंदांत गप्प होते. म्हणजे चौकातल्या किल्लीवाल्याने दाते कितीही सुबक पाडले, तरी त्या किल्लीने दार उघडेल, गाडी हलायची नाही.

बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांत तर किल्ली खिशातून काढावीही लागत नाही. सोय मोठी आहे. पण नवी घ्यायची वेळ आली की तिची किंमत समजते. साध्या किल्लीला शेदोनशे रुपये लागत असतील, तर चिपच्या किल्लीला काही हजार मोजावे लागतात, आणि बटणाच्या गाडीची किल्ली पुष्कळदा दहा हजारांच्या पुढे जाते. त्यातही एक मेख आहे. हाती एक चालती किल्ली असेल तर दुसरी नोंदवून घेणे सोपे जाते. ती एकुलती एकही हरवली, तर गाडी ओढून सर्व्हिस केंद्रात न्यावी लागते, आणि काही गाड्यांत तो संगणकच बदलण्याची वेळ येते. म्हणून दुसरी किल्ली हवी, ती पहिली असतानाच.

दुसरी किल्ली नाहीशी होण्याची कारणे अनेक. बहुतेक वेळा पहिल्या मालकाच्या हातून ती हरवलेली असते, किंवा त्याच्या घरच्या कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये पडून असते आणि शोधायचा त्याला कंटाळा असतो. क्वचित ती जुन्या ड्रायव्हरकडे राहून जाते. गाडी कर्जावर घेतलेली असली तर एखादी कर्ज देणारी संस्था दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवून घेते. हप्ते थकले तर गाडी नेता यावी, हा हेतू. या शेवटच्या कारणाकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. ‘किल्ली बँकेत आहे’ असे उत्तर आले, तर लगेच पुढचा प्रश्न विचारावा, की मग कर्ज फिटले आहे काय? आरसीवरचा बोजा उतरला आहे काय? त्यासाठी पस्तीस नंबरचा फॉर्म आणि कर्ज देणाऱ्याचा दाखला लागतो. दुसरी किल्ली शोधता शोधता पुष्कळदा अशी मोठी गोष्ट हाती लागते.

आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्यांची हकीकत सांगतो. त्यांनी एका व्यापाऱ्याकडून चार वर्षे वापरलेली छोटी गाडी घेतली. किल्ली एकच मिळाली. त्यांनी विचारले, तेव्हा व्यापारी म्हणाला, “सर, दुसरी पहिल्या पार्टीकडे आहे. दोन दिवसांत मागवून घेतो. तुम्ही काळजीच करू नका.” दोन दिवसांचे आठ झाले. मग पार्टी गावाला गेली. मग पार्टी फोन उचलीना. पुढे पुढे व्यापारीही उचलीना. आमचे हे सहकारी स्वभावाने भिडस्त. त्यांनी तो नाद सोडला. सात महिन्यांनी एका रात्री घरासमोरून गाडी चोरीला गेली.

त्यांनी पोलिसांत वर्दी दिली, विमा कंपनीला कळवले. आरसी आणि विमा दोन्ही त्यांच्या नावावर झालेले होते, त्यामुळे तिथे काही अडचण नव्हती. चौकशीला आलेल्या गृहस्थांनी मात्र पहिलाच प्रश्न केला, “दोन्ही किल्ल्या द्या.” एक दिली. “दुसरी?” आता काय सांगावे! विमा कंपनीचे म्हणणे वरवर पाहता अन्यायाचे वाटते, पण त्यात तर्क आहे. किल्ली गाडीतच विसरली असेल, तर तो मालकाचा निष्काळजीपणा ठरतो. किल्ली दुसऱ्या कुणाला दिली असेल, तर ती चोरीच नव्हे. म्हणून चोरीच्या दाव्यात सगळ्या मूळ किल्ल्या मागण्याचा रिवाज पडला आहे. काही वेळा त्या प्रयोगशाळेतही पाठवतात. कारण किल्लीवरून नक्कल काढली तर यंत्राच्या टोकाचे बारीक ओरखडे मूळ किल्लीवर राहतात.

आमच्या सहकाऱ्यांना तारले ते एका क्षुल्लक गोष्टीने. ‘सर, एकच किल्ली दिली आहे, दुसरी पाठवतो’ असा व्यापाऱ्याचा संदेश त्यांच्या मोबाईलवर शिल्लक होता. तेवढ्यावर, आणि आठदहा पत्रे लिहून झाल्यावर, पैसे मिळाले. पण मधे बरेच महिने गेले, आणि त्या काळात बाई रोज दोन बसगाड्या बदलून शाळेत जात होत्या. तो संदेश नसता तर प्रकरण ग्राहक आयोगात गेले असते. किल्लीवरून तिथे गेलेली भांडणे काही थोडी नाहीत.

याला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्याकडे एक किल्ली आहे, म्हणजे दुसरी जगात कुठे तरी आहे. भाड्याच्या घरात राहायला गेल्यावर शहाणा माणूस आधी कुलूप बदलतो, कारण आधीच्या बिऱ्हाडकरूने किती किल्ल्या पाडल्या होत्या ते कुणी सांगावे? मोटारीच्या बाबतीत मात्र हेच आपल्याला सुचत नाही. सुदैवाने इथे कुलूप न बदलता काम होते. बऱ्याच गाड्यांत सर्व्हिस केंद्रातल्या यंत्रावर गाडीत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत ते दिसते, आणि हाताशी नसलेल्यांची नोंद पुसून टाकता येते. मग त्या हरवलेल्या किल्लीने गाडी चालू होत नाही. दार मात्र तिच्या दात्यांनी उघडू शकते, हे विसरू नये; गाडीत लॅपटॉप किंवा पैसे ठेवणाऱ्यांनी तर मुळीच विसरू नये.

तेव्हा करावे काय? दुसरी किल्ली सौद्याच्या वेळीच मागावी, पैसे देऊन झाल्यावर नव्हे. शेवटचा हप्ता हातात असेपर्यंत व्यापाऱ्याची स्मरणशक्ती फार चांगली असते. किल्ली नसेल तर नवी करून नोंदवून देण्याचा खर्च त्याने सोसावा, किंवा तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी. माझे मत विचाराल तर दुसरा मार्ग बरा. आपल्या पसंतीच्या केंद्रात आपण किल्ली करून घेतो आणि जुन्या नोंदीही त्याच वेळी पुसता येतात. ताबापावतीवर ‘किल्ल्या : दोन’ किंवा ‘किल्ली : एक, दुसरी दिलेली नाही’ असे स्पष्ट लिहून सही घ्यावी. तोंडी वचनाला पुढे साक्षीदार मिळत नाही. “साहेब, मी मधला माणूस, मला काय ठाऊक,” असेही काही म्हणतील. त्यांना सांगावे, की १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी झालेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी नियम आले आहेत. त्यांना परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि गाडी ताब्यात आल्याचे रीतसर कळवल्यावर ती विकली जाईपर्यंत मालक म्हणून तेच समजले जातात. म्हणजे पहिल्या मालकाकडून किल्ल्या मोजून घेणे हे त्यांचे काम झाले.

दोन किल्ल्या मिळाल्या तरी दोन्हींनी गाडी चालू करून पाहावी. काही ठिकाणी दुसरी म्हणून नुसती दाते पाडलेली, बिनचिपची किल्ली देतात. आणि इमोबिलायझर असलेली गाडी तशा किल्लीने चालू झाली, तर अधिकच सावध व्हावे. चालू गाडीची चिप स्टिअरिंगच्या आवरणाखाली चिकटवून ठेवण्याची युक्ती काही कारागिरांना अवगत आहे, आणि मग ती सारी योजनाच व्यर्थ होते. किल्लीबरोबर पुष्कळदा नंबर कोरलेली एक बारीकशी पट्टी मिळते. ती फेकू नका, आणि गाडीतही ठेवू नका. तो नंबर असला तर नवी किल्ली पाडणे सोपे जाते.

दुसरी किल्ली घरात ठेवावी, पहिलीच्या जुडग्यात अडकवू नये. हे सांगायला नको, तरी तसे करणारे आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा तीच घेऊन बाहेर पडावे. पडून राहिल्याने तिच्यातला बटणाएवढा सेल उतरतो, आणि ते नेमके लग्नघरून रात्री अकरा वाजता परत निघताना लक्षात येते.