ऐनूंना नाव मिळाले, नदीचे काय?



जपान म्हटले की एक वंश, एक भाषा, एक राष्ट्र असे चित्र डोळ्यांपुढे येते. ते तेथील राज्यकर्त्यांनीच रंगविले आहे. १९८६ साली पंतप्रधान नाकासोने यांनी जपान हे एकजिनसी राष्ट्र असल्याचे सांगितले. तेव्हा उत्तरेकडील होक्काइडो बेटावरील ऐनू लोकांनी त्याचा निषेध केला. आपण एकजिनसी, तर मग ऐनू कोण?

१८६९ मध्ये मेजी सरकारने ऐनूंच्या भूमीला होक्काइडो हे नवे नाव दिले व ती ताब्यात घेतली. पुढे नद्यांतील साल्मन मासा पकडण्यास बंदी आली. साल्मन म्हणजे ऐनूंची भाकरीच. १८९९ च्या 'संरक्षण' कायद्याने त्यांना 'माजी आदिवासी' ठरविले. शब्द पाहा! माणूस जिवंत, ओळख मात्र माजी. शेतीसाठी जमीन दिली, पण पंधरा वर्षांत कसली नाही तर ती सरकारजमा. मासेमारी व शिकारीवर जगणाऱ्यांना ही अट! हा कायदा १९९७ पर्यंत टिकला.

निबुतानी गावचे कायानो शिगेरू यांच्या वडिलांना साल्मन पकडल्याबद्दल पोलिसांनी अटक केली होती. तेच कायानो १९९४ साली संसदेतील पहिले ऐनू सदस्य झाले आणि तेथे ऐनू भाषेतून बोलले. आपल्या गावाजवळ सारू नदीवर होणाऱ्या धरणासाठी जमीन देण्यासही त्यांनी नकार दिला होता. मार्च १९९७ मध्ये सापोरोच्या न्यायालयाने ऐनू हे मूळ रहिवासी आहेत व त्यांची जमीन घेणे बेकायदेशीर होते, असा निकाल दिला. पण तोवर धरण बांधून झाले होते. ते उभेच राहिले.

२००७ साली संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा आला. जपानने त्याला मत दिले. (भारतानेही दिले, पण सारेच भारतीय मूळचे, अशी भूमिका घेऊन!) २००८ मध्ये जपानी संसदेने ठराव केला आणि २०१९ च्या कायद्याने ऐनूंना मूळ रहिवासी म्हणून प्रथमच मान्यता मिळाली. २०२० मध्ये भव्य राष्ट्रीय संग्रहालय उघडले. जमिनीचा, नदीचा हक्क मात्र त्या कायद्यात नाही. धार्मिक विधीपुरते, परवानगी काढून मासे पकडता येतात.

विद्यार्थी मित्रांनी हा फरक नीट ध्यानात घ्यावा. गाणी, नृत्ये, वेशभूषा यांना सरकार आनंदाने पैसा देते, कारण त्यात सरकारचे काही जात नाही. उराहोरो येथील ऐनू संघटनेने आपल्या नदीत साल्मन पकडण्याचा हक्क मागत २०२० मध्ये दावा लावला. १८ एप्रिल २०२४ रोजी सापोरोच्या न्यायालयाने तो फेटाळला.