जुन्या पिकअप ट्रकमधील ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : गचक्याचे निदान

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेला जुना अमेरिकी पिकअप ट्रक जागेवर उभा असताना, इंजिन मंद गतीने चालू ठेवून गिअरची दांडी न्यूट्रलवरून ड्राइव्ह किंवा रिव्हर्सवर सरकवली असता साऱ्या वाहनाला हादरवणारा जो गचका काही वेळा बसतो, त्याचे निदान हा या व्याख्यानाचा विषय आहे. असा गचका म्हणजे गिअरबॉक्सचे आयुष्य संपल्याची खूण, असे मानून तो उतरवून खोलण्याची घाई केली जाते आणि त्या घाईत निरोगी गिअरबॉक्सही अकारण उसवले जातात. पुष्कळदा गिअरबॉक्स आपले काम चोख करत असतो. इंजिनवर मोठा भार आहे अशी चुकीची वर्दी त्याला मिळालेली असते आणि त्या वर्दीनुसार तो आपले क्लच पूर्ण ताकदीने आवळत असतो.

उदाहरणासाठी जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा तीन गतींचा गिअरबॉक्स घेणे सोयीचे आहे. १९६४ च्या मॉडेलवर्षात तो कॅडिलॅक आणि ब्यूइक मोटारींतून प्रथम आला आणि पुढे शेव्हर्ले व जीएमसी यांच्या अवजड पिकअप ट्रकांमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वापरला गेला. इंजिन आणि हा गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेलाने भरलेले असे बंद भांडे, ज्यात इंजिनला जोडलेली पाती तेल फेकतात आणि त्या तेलाच्या माऱ्याने टर्बाइन नावाचे समोरचे चक्र फिरू लागते. न्यूट्रलमध्ये टर्बाइनवर भार नसल्यामुळे ते जवळजवळ इंजिनच्याच वेगाने फिरत राहते. दांडी ड्राइव्हवर येताच फॉरवर्ड क्लच, म्हणजे पोलादी आणि घर्षण-अस्तराच्या चकत्या एकाआड एक रचलेला संच, तेलाच्या दाबाने आवळला जातो, आणि चाके ब्रेकने जखडलेली असल्यामुळे ते फिरते टर्बाइन तत्काळ थांबवावे लागते. ते सावकाश थांबावे म्हणून चकत्यांच्या संचात एक नागमोडी पोलादी चकतीही बसवलेली असते, जी दाबली जाताना थोडीशी लवते आणि क्लचची पकड हळूहळू घट्ट होऊ देते.

यावरून गचक्याचे पहिले कारण गिअरबॉक्सच्या बाहेरच सापडते. फिरत्या चक्रातील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, मिनिटाला ६०० फेऱ्यांऐवजी १००० फेऱ्यांवर आयडलिंग होत असलेल्या इंजिनाचे टर्बाइन थांबवताना क्लचला जवळपास पावणेतीन पट ऊर्जा शोषावी लागते. कार्ब्युरेटरचा चोक अडकून इंजिन थंड अवस्थेच्या वाढीव गतीवरच चालत राहिले, तर कोणताही गिअरबॉक्स आदळेल. तसेच प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमधील झीज, मागच्या क्राउन-पिनियनमधील वाजवीपेक्षा जास्त मोकळीक, फाटलेले इंजिन किंवा गिअरबॉक्सचे माउंटिंग यांपैकी काहीही असले तरी सौम्य पकडही ठणका देऊन बसते. ही तपासणी वाहनाखाली शिरून, चाकांना अडण लावून आणि शाफ्ट हाताने हिसडून होते, म्हणून तिच्यावर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

खरा विचार दाबाचा आहे. क्लच आवळणारा मुख्य दाब, ज्याला मेकॅनिक लाइन प्रेशर म्हणतात, तो इंजिनच्या भारानुसार बदलावा लागतो, कारण चढावर ओझे ओढताना कमी दाबाने धरलेला क्लच घसरून जळेल आणि उभ्या वाहनात जास्त दाबाने धरलेला क्लच आदळेल. टर्बो हायड्रामॅटिक ४०० मध्ये भाराची ही वर्दी व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाची पत्र्याची लहानशी डबी देते. तिच्या आत रबरी पडदा आणि स्प्रिंग असून तिची नळी इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा-इंधन नेणाऱ्या मार्गाला, जोडलेली असते. थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमध्ये भरपूर व्हॅक्यूम असतो, तो पडदा ओढून धरतो आणि मुख्य दाब उतरतो; थ्रॉटल उघडताच व्हॅक्यूम घटतो, स्प्रिंग झडपेला रेटते आणि दाब चढतो. ही योजना जितकी साधी तितकीच अभ्यासण्याजोगी आहे, कारण इंजिनचा श्रम मोजण्यासाठी तिला त्याच्या श्वासाखेरीज दुसरे काहीच लागत नाही.

या योजनेचा कच्चा दुवाही तो श्वासच आहे. गिअरबॉक्सपासून इंजिनपर्यंत जाणाऱ्या पोलादी नळीच्या टोकांना रबरी तुकडे असतात. उष्णतेने ते कडक होऊन तडकले की मॉड्युलेटरपर्यंत व्हॅक्यूम पोहोचत नाही आणि आयडलिंगवरच्या ट्रकला गिअरबॉक्स पूर्ण भारावरचा ट्रक समजतो. पडदा फाटला असेल तर गिअरबॉक्सचे तेल त्याच नळीतून इंजिनात ओढले जाते, एक्झॉस्टच्या नळीतून पांढरा धूर येतो आणि कुठेही गळती न दिसता तेल कमी होत राहते. मॉड्युलेटरवरून काढलेल्या नळीच्या तोंडाशी तेल आढळले, तर पुढील तर्काची गरज राहत नाही. निरोगी इंजिनात समुद्रसपाटीवर आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम मिळतो आणि दर हजार फूट उंचीला तो सुमारे एक इंचाने उतरतो, त्यामुळे ५,२८० फुटांवरील डेन्व्हर शहरात घेतलेले माप किनाऱ्यावरच्या अपेक्षेने वाचणे चूक ठरते. जळालेला व्हॉल्व्ह किंवा मागे पडलेले इग्निशन टायमिंग यांमुळेही व्हॅक्यूम घटतो, आणि दुखणे इंजिनचे असूनही लक्षण गिअरबॉक्समध्ये दिसते.

निर्णायक कसोटी साधी आहे. लाइन प्रेशरचा गेज जोडून, मॉड्युलेटरला इंजिनच्या नळीऐवजी हातपंपाने व्हॅक्यूम द्यावा. दाब उतरला आणि गचका मावळला, तर गिअरबॉक्स निर्दोष असून दोष नळीत किंवा इंजिनात आहे; पडद्याने व्हॅक्यूम धरलाच नाही, तर मॉड्युलेटर बदलावा; व्हॅक्यूम टिकूनही दाब हलला नाही, तर आतली झडप अडकलेली आहे. रिव्हर्समध्ये दाब मुळातच अधिक ठेवलेला असतो, म्हणून तिथली थोडी कडक पकड दोष समजू नये.

पुढच्या पिढ्यांत साधने बदलली, परंतु धोरण तेच राहिले. १९८२ च्या ७००आर४ मध्ये थ्रॉटलची वर्दी केबलने येते आणि केबल तुटली तर दाब कमाल पातळीवर जातो. १९९३ मध्ये पिकअपमध्ये आलेल्या ४एल६०-ई मध्ये संगणक प्रेशर कंट्रोल सोलेनॉइडला, म्हणजे दाब ठरवणाऱ्या विजेच्या झडपेला, वीज पुरवतो, जिथे सुमारे १.१ अँपिअर प्रवाहाला दाब सर्वांत कमी आणि ०.१ अँपिअरला सर्वांत जास्त असतो, त्यामुळे गंजलेला कनेक्टर किंवा तुटलेली तार गचक्याच्याच रूपाने प्रकट होते. वर्दी तुटली तर दाब वाढावा, ही रचनाकारांनी जाणूनबुजून केलेली निवड आहे, कारण आदळणारा क्लच बराच काळ टिकतो आणि घसरणारा लवकर जळतो. म्हणूनच गचका घालवण्यासाठी ७००आर४ ची केबल सैल करण्याचा जो उपाय केला जातो, तो अत्यंत घातक आहे. सैल केबल तुटलेली नसते, ती केवळ भार कमी असल्याची वर्दी देते; पकड मऊ होते खरी, पण अपुऱ्या दाबावर चालणारे क्लच आणि बँड, म्हणजे ड्रमभोवती आवळले जाणारे पट्टे, थोड्याच काळात निकामी होतात.

उशिरा बसणारा गचका मात्र वेगळा ओळखावा लागतो. दांडी सरकवल्यावर दोन-तीन सेकंद काहीच घडत नाही, चालक नकळत ॲक्सिलरेटर दाबतो आणि मग वाढलेल्या वेगावर क्लच धाडकन धरतो, तेव्हा संशय कमी दाबाचा घ्यावा. अशा वेळी तेल गरम असताना, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून आणि दांडी पार्कमध्ये असताना डिपस्टिक पाहावी. तेलाची पातळी योग्य असून विलंब केवळ ड्राइव्हमध्ये होत असेल, तर उष्णतेने कडक झालेले फॉरवर्ड क्लचच्या पिस्टनचे सील तेल बाजूने निसटू देत असण्याची शक्यता दाट असते. विलंब दोन्ही दिशांना असेल, तर तुंबलेला फिल्टर आणि पंप आधी पाहावेत. तेल काळवंडून जळका वास येत असेल, तर घर्षण-अस्तर खरोखरच गेलेले असते. तिथे गिअरबॉक्स उतरवणे अटळ ठरते, आणि गेजच्या नोंदी आधी घेतलेल्या असल्यास कोणता संच प्रथम उघडायचा हे खोलण्यापूर्वीच कळलेले असते.