दवाखान्याची खुर्ची आणि दुकानाची गादी

(समाजातील तरुण दंतवैद्य व दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





दंतवैद्यांच्या सभेत कापडाच्या व्यापाऱ्याने काय बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य गज, मीटर आणि रोजमेळ यांत गेले. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या अनेक घरांतील मुले-मुली दुकानाच्या गादीवर न बसता दवाखान्याच्या खुर्चीपाशी उभी राहिली. माझ्या घरीही सूनबाई दंतवैद्य आहेत. एके दिवशी त्यांनी मला विचारले, ‘‘पप्पाजी, रुग्ण भरपूर येतात, मग महिनाअखेरीस शिल्लक का दिसत नाही?’’ आजचे माझे बोलणे हे त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

आपल्या नाशिकला दंतवैद्यकाच्या शिक्षणाची उणीव नाही. पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. 1998 मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे. बी.डी.एस.च्या 2007 च्या अभ्यासक्रमात व्यवसाय-व्यवस्थापनाचाही समावेश झाला आणि जागेची निवड, मांडणी, उपकरणे, नोंदी व हिशेब हे मुद्दे त्यात आले. परंतु अनेक विषयांच्या गर्दीत हा एक लहानसा घटक. दाढेचे मूळ कसे स्वच्छ करावे हे विद्यार्थी अनेकदा हाताने करून शिकतो. खर्चाचे मूळ कोठे आहे हे मात्र त्याला कर्जाचा पहिला हप्ता शिकवितो.

वैद्यकाने हिशेबाचा विचार करणे कमीपणाचे आहे, असे काहींना वाटते. त्यांनी डॉ. रफीउद्दीन अहमद यांचे चरित्र पाहावे. त्यांनी 1920 मध्ये कलकत्त्यात भारतातील पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. त्याच्या खर्चासाठी त्यांनी ‘न्यू यॉर्क सोडा फाउंटन’ या नावाने शीतपेयांचे दुकान काढले! दुकानाच्या उत्पन्नावर विद्या उभी राहिली आणि 1949 मध्ये ते महाविद्यालय त्यांनी सरकारच्या स्वाधीन केले. व्यवहार आणि सेवा यांचे वैर नाही, हे सांगण्यास याहून चांगला दाखला कोणता?

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. कापडाचे ठाण आज विकले गेले नाही तर उद्या विकले जाते, फार तर दिवाळीनंतर भाव उतरवून काढावे लागते. दवाखान्यातील खुर्चीचा रिकामा गेलेला तास मात्र कोणत्याही सेलमध्ये विकता येत नाही. म्हणून दंतवैद्याचा खरा माल म्हणजे खुर्चीचा तास होय, आणि त्याची किंमत त्याला ठाऊक असलीच पाहिजे.

समजा, एका दवाखान्याचे महिन्याचे भाडे 25 हजार, दोन सहायकांचे पगार 28 हजार, कर्जाचा हप्ता 27 हजार आणि वीज, पाणी, देखभाल मिळून 10 हजार. ही बेरीज 90 हजार झाली. यात डॉक्टरांनी स्वतःच्या घरखर्चासाठी 60 हजार धरावेत. ते धरण्यास पुष्कळजण विसरतात, जणू डॉक्टरांचे श्रम फुकट आहेत! एकूण दीड लाख. महिन्याचे 25 दिवस, रोज 8 तास, म्हणजे 200 तास. तासाला 750 रुपये पडले. परंतु खुर्ची निम्माच वेळ भरलेली असेल, तर तोच तास 1,500 रुपयांना पडतो. एका रूट कॅनालला सर्व भेटी मिळून दोन तास लागले, तर औषध व साहित्य सोडूनच 3,000 रुपये खर्च झाला. शेजारचा दवाखाना 2,500 घेतो म्हणून आपणही 2,500 घेतले, तर प्रत्येक रुग्णामागे तोटा. रुग्ण येतात याचा आनंद होतो, पण हिशेबात तोटा राहतो.

सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आणखी एका ठिकाणी दडलेले होते. कॅपचे पैसे रुग्णाकडून या महिन्यात जमा होत आणि प्रयोगशाळेचे बिल पुढच्या महिन्यात येई. हाती आलेली रक्कम उत्पन्न वाटे, तिच्यातील मोठा हिस्सा प्रयोगशाळेचा असे. आम्ही प्रयोगशाळेचे स्वतंत्र खाते उघडले आणि कॅपचे पैसे आले की त्याच दिवशी तिचा हिस्सा बाजूला काढू लागलो. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे, दिवा मालविण्यापूर्वी रोजमेळ पूर्ण. दोन महिन्यांत चित्र स्पष्ट झाले.

रोजची नोंद ठेवण्याची कल्पना नवी नाही. 1962 च्या आयकर नियमांत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी नमुना 3सी ही दैनंदिन नोंदवही सांगितली होती. तारीख, रुग्णाचे नाव, सेवेचे स्वरूप आणि मिळालेले शुल्क इतक्या मोजक्या गोष्टी तिच्यात लिहावयाच्या. अनेकांनी ती केवळ सरकारसाठी ठेवली. ती स्वतःसाठी वाचली, तर कोणत्या वारी खुर्ची रिकामी राहते आणि कोणाचे उपचार अर्धवट राहिले, हे तिच्यातूनच कळते.

साठ्याचेही तसेच आहे. भूल देण्याचे औषध व भरावयाचे साहित्य यांवर मुदतीची तारीख छापलेली असते. घाऊक सवलत मिळते म्हणून वर्षाचा माल भरला आणि मुदत संपली, तर सवलत कचऱ्यात गेली. आधी आलेला माल आधी वापरावा, हा कोठाराचा नियम येथेही लागू आहे. उधारीही लिहून ठेवावी. निफाड-दिंडोरीकडील शेतकरी बांधव ‘द्राक्षाचे पैसे आले की देतो’ म्हणतात आणि देतातही. पण तारीख व रक्कम लिहिलेली असली म्हणजे दोघांनाही संकोच होत नाही.

बंधू-भगिनींनो, येथपर्यंत दुकान आणि दवाखाना एका वाटेने चालतात. येथून पुढे वाटा वेगळ्या होतात. माझा ग्राहक कापड दोन बोटांत धरून पाहतो, उजेडात नेतो, पसंत नसेल तर समोरच्या दुकानात जातो. रुग्णाला स्वतःची दाढ दिसत नाही. तो आपले तोंड उघडतो आणि विश्वास टाकतो. ‘याच्याबरोबर हेही घ्या’ असे म्हणणे दुकानात शोभते, दवाखान्यात शोभत नाही. म्हणून माझी विनंती आहे : आमच्याकडून व्यवस्थापन घ्या, विक्रीचे कौशल्य मात्र दुकानातच राहू द्या. भारतीय दंत परिषदेने 1976 मध्ये आणि पुन्हा 2014 मध्ये आचारसंहिता घालून दिली, तिच्यात जाहिरातीला मर्यादा आहेत आणि रुग्ण पाठविण्याबद्दलच्या कमिशनला मनाई आहे. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय दिला. तेव्हा उपचारापूर्वी खर्चाचा अंदाज मराठीत लिहून द्यावा, संमती घ्यावी, पावती द्यावी.

हिशेबाचा आग्रह मी धरतो तो याचसाठी. ज्याला आपला खर्च ठाऊक नाही, तो हप्त्याची तारीख जवळ आली की अस्वस्थ होतो. मग जेथे साधे भरून भागले असते, तेथे कॅप बसविण्याचा मोह होतो. हा मोह दुष्ट माणसालाच होतो असे नाही. तो भांबावलेल्या सज्जनालाही होतो. स्वच्छ हिशेब हा त्या मोहावरचा पहारेकरी आहे.

आणि तोच दयेचाही आधार आहे. मदुराईचे डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी 1976 मध्ये केवळ 11 खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून गरिबांचे उपचार होतात आणि संस्था कर्जबाजारी होत नाही, हे त्यांनी शिस्तीच्या बळावर सिद्ध केले. आपल्या जुन्या पेढ्यांवर धर्मादाय खाते वेगळे असे. दवाखान्यातही तसे एक खाते असावे. महिन्याचे किती तास सवलतीसाठी द्यावयाचे हे आधी ठरवावे आणि ते आनंदाने द्यावेत. ठरवून दिलेले दान टिकते. संकोचापोटी कमी केलेले शुल्क मात्र तोट्याच्या खात्यात जाते आणि मनात कटुता ठेवते.

तरुण मित्रांनो, आपल्या हातात आमच्यापेक्षा नाजूक कसब आहे. त्याला रोजच्या पंधरा मिनिटांच्या हिशेबाची जोड द्या, म्हणजे रुग्णाला गरज नसेल तेव्हा ‘काही करण्याची आवश्यकता नाही, घरी जा’ असे निर्धास्तपणे सांगता येईल. हे वाक्य ज्या दवाखान्यात परवडते, तो दवाखाना उत्तम चालला आहे असे मी, एक व्यापारी म्हणून, समजेन.