उपकेंद्राची फाईल

(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे लग्न झाले आणि पाटी सुटली. तेव्हा भाषण करण्याचा माझा अधिकार तो काय! परंतु उपकेंद्राच्या फाईलमागे जी हिंडली तिनेच ती हकीगत सांगावी, असा अध्यक्षाबाईंचा आग्रह पडला. म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

सुरुवात माझ्याच घरातून करते. माझी धाकटी जाऊ समोर बसली आहे. तिला विचारूनच मी हे सांगत आहे. २०१९ च्या ऑगस्टातला तो पाऊस कोणी विसरले नसेल. तिला आठवा महिना संपत आला होता. महिनाभर तिच्या पायांना सूज होती, पुढे तोंडावरही आली, डोके ठणकत असे. आम्ही म्हणालो, पहिलटकरीण आहे, व्हायचेच. त्या रात्री तिला झटके आले. फरशीवरून पाणी वाहत होते, म्हणून जीप फाट्याकडून फिरवून नेली. जाऊ वाचली, बाळ राहिले नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढला होता, आधी कोणी मोजला नाही का? कोण मोजणार? आरोग्य केंद्र ओढ्यापलीकडे, आणि पावसाळ्यात नर्सबाईला अलीकडे येता येत नाही.

उपकेंद्र असते तर बाळ वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. उपकेंद्रात काही शस्त्रक्रिया होत नाही. पण दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहणे तिथे होते, आणि तेवढे झाले असते तर आम्ही आठ दिवस आधी हललो असतो. हे माझ्या मनातून जात नाही.

तर आम्ही अर्ज केला. एक पान लिहिले, ‘उपकेंद्राची नितांत आवश्यकता आहे’ असे त्यात तीनदा लिहिले आणि खाली तीनशे सह्या व अंगठे घेतले. दोन महिन्यांनी उत्तर आले, निकषात बसत नाही. दोन ओळींचे उत्तर. मला फार राग आला. पण आपल्या आशाताई म्हणाल्या, काकू, निकष काय तो आधी पाहू.

निकष असा आहे. सपाट मुलखात ५,००० वस्तीमागे एक उपकेंद्र. डोंगरी किंवा आदिवासी भागात ३,००० मागे एक. आपली चार गावे मिळून साडेतीन हजारांच्या आसपास. कोणीतरी आपल्याला सपाटीत मोजले होते! आपला तालुका सगळा डोंगरी नाही, पण डोंगरी म्हणून धरलेल्या गावांची सरकारची यादी असते, आणि तीत आपली चारही गावे आहेत. ती यादी आशाताईंनी मिळवून आणली. आपण डोंगरात राहतो हे आपल्याला पायांनी ठाऊक, पण कागदाला ते यादीतूनच कळते.

वस्तीची मोजणीही २०११ च्या जनगणनेचीच धरली जाते. २०२१ ची झालीच नाही. आम्ही बायकांनी घरोघर फिरून नवी मोजणी केली, ती त्या हिशेबात धरली गेली नाही. मात्र त्याच फेरीत गरोदर बायका किती, पाच वर्षांखालची मुले किती, गेल्या पाच वर्षांत वाटेत बाळंत झालेल्या किती, हे टिपून घेतले होते. ते कोष्टक अर्जाला जोडले, आणि पुढे तेच वरच्या साहेबांनी दोनदा वाचले.

अंतराची तर गंमतच झाली. कागदावर आरोग्य केंद्र सात किलोमीटर. ते फरशीवरून. पावसाळ्यात फिरून जावे लागते त्याचा पुरावा काय द्यावा? एस.टी.च्या कंडक्टरने आम्हाला सांगितले की भाड्याचा एक टप्पा सहा किलोमीटरचा. उन्हाळ्यात तिकीट दोन टप्प्यांचे, पावसाळ्यात चार टप्प्यांचे. आम्ही जुलै महिन्याची तिकिटे जपून ठेवली आणि मे महिन्याच्या तिकिटांशेजारी पांढऱ्या कागदावर चिकटवली. अर्ध्या तिकिटात प्रवास करणाऱ्या बायकांना तिकीट टाकून देण्याची सवय. ती तेवढ्यापुरती मोडली.

सर्वांत जास्त वेळ जागेने खाल्ला. थोरल्या आक्कांनी शाळेमागची पाच गुंठे जमीन देऊ केली. चाळीस वर्षे त्या जमिनीत त्यांनी भुईमूग काढला. तलाठ्याकडे गेलो तर सातबारावर त्यांचे नावच नाही. मालक वारले तेव्हा वारस म्हणून मुलांचीच नावे लागली होती. आधी आक्कांचे नाव लावून घेतले, मग मुलांची संमती, मग बक्षीसपत्र. यात सात महिने गेले. आक्का म्हणाल्या, ‘द्यायला निघाले तेव्हा कळले, माझे काहीच नव्हते.’ भगिनींनो, घरी गेल्यावर आपापला सातबारा एकदा काढून पाहा. हे विषयाबाहेरचे झाले, पण सांगितल्यावाचून राहवले नाही.

ठराव आधी महिलांच्या ग्रामसभेत केला. मुख्य ग्रामसभेपूर्वी बायकांची सभा घ्यायची असे कायद्यातच आहे. आपल्याकडे ती इतके दिवस वहीतच होत असे. २०२२ साली पहिल्यांदा खरी झाली, एकशे दहा बायका आल्या. तिथून फाईल निघाली ती आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा परिषद आणि पुढे मुंबईला जायची. मध्येच एका कचेरीत उत्तर मिळाले, ‘असा प्रस्ताव आढळून येत नाही.’ आमच्याजवळ आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत होती, म्हणून बरे. १० रुपयांचा तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. फाईल बाविसाव्या दिवशी सापडली. दोन प्रती काढायच्या आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरायची नाही, एवढे मी त्यातून शिकले.

या कामात घरची बोलणीही खाल्ली. दुपारची एस.टी. चुकली की स्वयंपाक उशिरा. सासूबाई पहिल्या वर्षी रागावत, दुसऱ्या वर्षी भाकरी बांधून देऊ लागल्या.

२०२४ मध्ये मंजुरीचे पत्र आले. आपण पेढे वाटले. पण पत्र नीट वाचले तेव्हा ध्यानात आले की मंजुरी उपकेंद्राला आहे. नर्सबाईच्या पदाची मंजुरी निराळी आणि इमारतीच्या पैशांची त्याहून निराळी. आज आक्कांच्या जमिनीवर दगडी पाया तेवढा आहे. शेजारच्या उपकेंद्राच्या नर्सबाई दर मंगळवारी आपल्या मंडळाच्या खोलीत बसतात, तेही फरशी उघडी असेल तेव्हा. गेल्या मंगळवारी त्यांनी चौदा जणींचा रक्तदाब पाहिला. एकीचा वाढलेला निघाला, तिला त्याच दिवशी तालुक्याला नेले. घेऊन गेली ती माझी जाऊच.

पदासाठीचा अर्ज मी लिहून आणला आहे. मागच्या टेबलावर दोन्ही प्रती ठेवल्या आहेत, शाईचे पॅडही आहे. चहा घेण्यापूर्वी सह्या कराव्यात, नंतर कोणी थांबत नाही. सोमवारी सकाळी सातच्या गाडीने जिल्ह्याला जायचे आहे. मला दोघी सोबतीला हव्यात, त्यातली एक इंग्रजी वाचणारी असावी.