सतारमेकर गल्लीतलं शिक्षण



शाळेबाहेर माणूस काय शिकतो, हे आज मिरजेच्या सतारमेकर गल्लीच्या निमित्तानं सांगायचं आहे. इथली तंतुवाद्यं करणारी घराणी मूळची शिकलगारांची. हत्यारांना धार लावायची, ती दुरुस्त करायची, हा त्यांचा धंदा. राज्यं गेली, लढाया थांबल्या, हत्यारांचं काम बसलं. तेव्हा, साधारण १८५० च्या सुमाराला, त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी सतार-तंबोऱ्याच्या दुरुस्तीत हात घातला आणि पुढं नवी वाद्यं घडवली. पोटाचा धंदा बुडाल्यावर कपाळाला हात लावून न बसता नवी विद्या धरायची, ही त्या गल्लीची पहिली शिकवण. पुढच्या पिढ्यांनी ती बापाच्या, चुलत्याच्या शेजारी बसून घेतली.

शिकायला बसलेल्या पोराच्या हातात पहिल्याच दिवशी कुणी तार देत नाही. आधी भोपळा. हा भोपळा कडू जातीचा. खाण्याचा नव्हे, खास वाद्यासाठीच पिकवलेला, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतो. तो वाळवायचा, कापायचा, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या. मग लाकूड तासणं, सरस लावणं, पॉलिश. भोपळ्याच्या आतली सफाई गिऱ्हाईक कधी बघणार नसतं, पण ती नीट करावीच लागते. न दिसणारं कामही मन लावून करायचं, हे अंगात मुरतं ते इथं.

सगळ्यात अवघड काम जवारीचं. तंबोऱ्याच्या तबलीवर जी घोडी असते, तिच्या माथ्यावरून तार जाते. तो माथा कानशीनं इतका हलका उतरवायचा, की छेडल्यावर तार त्याला जेमतेम स्पर्श करत राहील. मग तारेखाली सुताचा धागा घालायचा आणि केसाएवढा पुढं-मागं सरकवत ऐकायचं. जागा सापडली की इतका वेळ मुकी वाटणारी तार एकदम बोलायला लागते. कानस एकदा जरी जास्त फिरली, तर गेलेला कण परत चिकटवता येत नाही. सगळा माथा पुन्हा उतरवावा लागतो. इथं घाई चालत नाही आणि थापही चालत नाही. ‘झालं’ म्हणून पोरानं वाद्य पुढं केलं, तरी शेजारी बसलेला थोरला एकदा तार छेडतो, आणि झालंय की नाही ते दोघांनाही तिथंच कळतं. रागावण्याची गरजच उरत नाही. प्रामाणिकपणावरच्या कितीतरी व्याख्यानांपेक्षा मला हा एक क्षण मोलाचा वाटतो, कारण तिथं पोर स्वतःच्या कानानं स्वतःचं काम तपासायला शिकतं.

या गल्लीत माणसांशी वागणंही शिकायला मिळतं. कारागीर बहुतेक मुसलमान, वाद्यं घेणारे सगळ्या जातिधर्मांचे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली ते वारले. त्यांची कबर इथल्या ख्वाजा शमना मीरा साहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी गायक-वादक हजेरी लावतात. वेगळ्या देवाधर्माच्या माणसाची अदब कशी राखायची, हे इथल्या पोरांना धड्यातून वाचावं लागत नाही. ते थोरामोठ्यांना तसं वागताना बघतात.

मी शाळेच्या विरुद्ध बोलत नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांचंच बघा. कुरुंदवाडच्या या मुलाचे डोळे लहानपणी फटाक्यानं अधू झाले, शिक्षण थांबलं. उपचारासाठी मिरजेला आणलं, आणि संस्थानिकांच्या आश्रयानं ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. ती वर्षं कष्टाची होती. रियाज होता, गुरूच्या घरची शिस्त होती. १८९६ मध्ये ते मिरजेतून बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ज्याची स्वतःची शाळा सुटली, त्यानंच शेकडो मुलामुलींसाठी गाण्याची शाळा उघडली. गुरूच्या घराचं दार ज्यांच्यासाठी कधी उघडलं नसतं, ती मुलंही तिथं शिकू शकली. दोन्ही वाटा लागतात, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल?

आज गल्लीतली मुलं शाळा-कॉलेजात जातात, नोकऱ्या बघतात. बरोबरच आहे, दिवसभर मांडी घालून बसायचं, आणि पैसा हातात पडणार वाद्य विकल्यावर. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र मानांकनानं नावाचं रक्षण होतं, जवारीचा कान तयार होत नाही. त्याला वर्षानुवर्षं शेजारी बसणारं पोर हवं, आणि त्या पोराला शिकत असतानाच घरी नेण्याजोगे चार पैसे मिळायला हवेत. मिरज-सांगलीच्या शाळांनी आठवड्यातले दोन तास मुलांना या कारागिरांजवळ बसवावं, आणि त्या तासांचं मानधन कारागिराला शिक्षकाच्या मानानं द्यावं. आईवडिलांनो, तुम्हीही पुढच्या सुट्टीत मुलाला गल्लीत घेऊन जा. फोटो काढून लगेच परतू नका. एखादी घोडी घासून होईपर्यंत त्याला तिथं बसू द्या.