बाटलीतला बुडबुडा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेले भाषण)



‘आपापल्या कामाविषयी दहा मिनिटं बोला’ असं संयोजकांचं फर्मान आहे. डॉक्टर बोलले, वकील बोलले, आपला द्राक्षबागायतदार तर सगळ्यांत छान बोलला. माझं काम सांगायला जरा अवघड. सासुरवाडीला अजून ‘जावई पाणी तपासतात’ एवढंच सांगतात, आणि ते काही खोटं नाही. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून किंवा पाइपातून तेल झिरपलं, तर ते भूजलात कुठवर पोचलंय हे पाहायला आजूबाजूला अरुंद बोअर घेतात. त्यांना मॉनिटरिंग वेल म्हणतात. त्यांतलं पाणी नीट काढून प्रयोगशाळेत पाठवायचं, हे माझं काम.

‘नीट’ हा शब्द का घातला, तेच सांगतो.

पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. त्याने रक्ताचा कर्करोग होतो. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता हिशोब करा. पेट्रोलमध्ये एक टक्का बेंझीन धरलं, तर एक लिटरमध्ये ते पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास होतं. एवढं बेंझीन आठ लाखांहून अधिक लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. म्हणजे दहा हजार लिटरचे ऐंशीहून जास्त टँकर. एका लिटर पेट्रोलने!

आणि हे बेंझीन हाताला लागत नाही. पाणी जरा हिसळलं, की ते हवेत उडून जातं. म्हणून आमची बाटली फक्त ४० मिलिलिटरची. ती काठोकाठ, वर पाण्याचा फुगवटा येईपर्यंत भरायची, झाकण लावायचं, उलटी करून बोटाने टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला, तर नमुना फेकायचा. जंतूंनी बेंझीन खाऊन टाकू नये म्हणून बाटलीत आधीच ॲसिडचे थेंब असतात. मग लगेच बर्फात. शेजारी जनरेटर चालू नको, गाडीत पेट्रोल भरलेल्या हाताने बाटलीला शिवायचं नाही. सगळ्यांत स्वच्छ वाटणारी विहीर आधी, घाणेरडी शेवटी. सोवळंच म्हणा की!

आता गोष्ट. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. घाटावरच्या एका गावात पंपापासून थोड्या अंतरावर एका कुटुंबाची आड होती. पाण्याला वास येतो, अशी त्यांची तक्रार. पंप आणि आड यांच्या मध्ये बोअर घेतलेले होते. मी ऑक्टोबरात गेलो. बोअरचं आणि आडाचं पाणी काढलं, बाटल्या भरल्या. दुपार झाली होती, दुसऱ्या गावाला पोचायचं होतं. आडाच्या दोन बाटल्यांत हरभऱ्याएवढा बुडबुडा होता. मला दिसला. मी झाकण आणखी घट्ट केलं आणि बाटल्या पेटीत ठेवल्या. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं.

अहवाल आला : ‘आढळले नाही.’ बोअरमध्येही नाही, आडातही नाही. मी सही केली.

अहवाल द्यायला गेलो, तेव्हा त्या घरच्या आजी ओट्यावर बसल्या होत्या. मुलाने अहवाल वाचून दाखवला. आजींनी आडाचं पाणी भांड्यात आणून माझ्यापुढे धरलं. म्हणाल्या, “सायेब, माज्या नाकाला येतोय वास. तुमच्या कागदाला न्हाई येत?”

मी भांडं नाकाशी नेलं. वास होता.

सर, इथे तुमची आठवण निघाली. नववीत पाणी उकळण्याचा प्रयोग होता. आपलं गाव उंचावर, त्यामुळे तापमापी ९८वर थांबली. आम्ही पुस्तकात होतं म्हणून वहीत १०० लिहिलं. तुम्ही चाळीसच्या चाळीस वह्या परत केल्यात आणि ‘निरीक्षण’ या रकान्याखाली तांबड्या शाईने रेघ मारलीत. आम्हाला तेव्हा रागच आला होता.

त्या रात्री मी बोअरची कागदपत्रं काढून बसलो. बोअरमध्ये जो पाइप असतो, त्याच्या काही भागालाच पाणी आत यायला चिरा असतात. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं. म्हणून चिरा पाण्याच्या पातळीच्या थोड्या वर आणि थोड्या खाली, दोन्हीकडे हव्यात. इथे बोअर उन्हाळ्यात घेतलेले. पावसाने पातळी वर चढली आणि चिरा सगळ्या पाण्याखाली बुडाल्या. वर तवंग असता, तरी आत शिरायला वाट नव्हती. हा नकाशा सही करण्याआधी माझ्या फायलीत होता. पाहिला नव्हता.

मी वरिष्ठांना कळवलं, की अहवाल मागे घ्यावा, नमुने मी चुकीचे घेतले. त्यावर काय ऐकून घ्यावं लागलं ते मेळाव्यात सांगण्यासारखं नाही. पण परवानगी मिळाली. उथळ चिरांचे नवे दोन बोअर घेतले. या वेळी पंप मुंगीच्या पावलांनी चालवला, मिनिटाला पाव लिटरच्या आसपास. पाण्याचं तापमान, सामू, विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत थांबलो. प्रयोगशाळेतूनच शुद्ध पाण्याने भरून आलेली एक बंद बाटली पेटीत ठेवली, म्हणजे प्रवासात काही मिसळलं तर तिच्यात दिसेल. ती कोरी आली. आडाचं पाणी मात्र मर्यादेच्या कितीतरी पट वर निघालं.

त्या मधल्या पाच आठवड्यांत ते घर माझ्या सहीच्या भरवशावर ते पाणी पीत होतं. आजी उकळून देत होत्या, तेही बंद स्वयंपाकघरात. उकळल्याने बेंझीन पाण्यातून जातं खरं, पण जातं ते त्याच घराच्या हवेत. हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं.

आड बंद झाली. आधी टँकर, मग वरच्या आळीतून नळ आला. टाकीचा गळका पाइप बदलला. पंपाखालची माती निघाली, पण खडकाच्या भेगांत गेलेलं तेल सहजी निघत नाही. पाणी उतरलं की ते भेगांतून बोअरमध्ये येतं, चढलं की दडून बसतं. म्हणून वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसानंतर, मी अजून तिथे जातो. आकडे उतरलेत, शून्य नाहीत.

तुमच्यापैकी कुणाच्या विहिरीला कधी असा वास आला, तर पाणी प्यायचं थांबवा आणि मग तपासणीला द्या. वास नाही म्हणून बेंझीन नाही असंही समजू नका. मर्यादेएवढ्या बेंझीनला वास येतच नाही. नमुना घ्यायला येणाऱ्याने बाटली उलटी करून पाहिली नाही, तर त्याला तसं सांगा. तो मी असलो तरी.

आजी आता नाहीत. पण त्या होत्या तोवर दर खेपेला मी बाटली भरली, की म्हणायच्या, “दाव बघू उलटी करून.” मी दाखवायचो.