गाठीचा पैसा, स्वतःच्या नावावर

(आपटा येथील व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संक्षेप)

आज मी दिव्यांग कामगाराच्या पासबुकाबद्दल बोलणार आहे.

पगारावर महिना निघतो. मनाची धास्ती मात्र गाठीला पैसा असला तरच कमी होते. ज्याचा पाय अधू आहे, त्याला इथून पनवेलला दवाखान्यात जायचं तर सोबतीला माणूस लागतो. त्या माणसाची रोजी बुडते, स्टेशनाबाहेर रिक्षा करावी लागते. कुबडीचं रबर आणि श्रवणयंत्राचे सेल वेगळेच. सारख्या पगारात याच्या हाती कमी उरतं आणि शिल्लक ठेवायची गरज मात्र याला जास्त.

आता नियम बघा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना महिना 1,500 रुपये मिळत, ते 2025 च्या ऑक्टोबरपासून 2,500 झाले. चांगलं झालं. पण वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत हवं, म्हणजे महिना चार हजारांच्या जरा वर. पाताळगंगेच्या एमआयडीसीत पॅकिंगला आठ हजारांवर लागला, की अनुदान धोक्यात. काम कंत्राटी. उद्या सुटलं, की उत्पन्नाचा दाखला, तलाठी, तहसील पुन्हा पहिल्यापासून. मग घरचेच म्हणतात, कशाला जातोस कामाला? मी त्यांना दोष देणार नाही.

अमेरिकेत तर शिल्लकच मोजतात. तिथल्या एका सरकारी मदतीसाठी एकट्या माणसाकडे 2,000 डॉलरपेक्षा जास्त पुंजी चालत नाही, आणि ही मर्यादा 1989 पासून हललेली नाही. अखेर 2014 साली एबल कायदा झाला. ठरावीक वयाआधी अपंगत्व आलेल्यांना खास खातं काढता येतं, आणि त्यातली एक लाख डॉलरपर्यंतची बचत या मोजणीत धरत नाहीत. आपल्याकडेही कामाला लागलेल्या दिव्यांगाचं अनुदान निदान दोन वर्षं चालू ठेवावं आणि ते त्याच्या बचत खात्यात साठू द्यावं, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

खातं मात्र त्याच्याच ताब्यात हवं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 13 नं मालमत्ता बाळगण्याचा, स्वतःचे व्यवहार सांभाळण्याचा हक्क दिलेला आहे. अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं 2008 मध्येच बँकांना बजावलं. तरी कितीतरी घरांत कार्ड भावाच्या खिशात असतं. प्रेमापोटीच असतं, तरी ते चूक आहे. आपल्या पैशाचा हिशेब ज्याला विचारून घ्यावा लागतो, त्याला त्या पैशाचा आधार वाटत नाही.

पैसा कुठे ठेवायचा, हेही बघा. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना 2021 च्या ऑगस्टमध्ये रद्द झाला. अशा वेळी एका बँकेत एका ठेवीदाराला ठेवीचा विमा व्याजासह पाच लाखांपर्यंतच असतो.

अनुदानाशिवाय गावातही एक हक्काचा पैसा आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि विचारा, यंदा ती रक्कम किती होती आणि कुणाच्या खात्यात जमा झाली?